आत्याचं वाक्य

विभागीय चित्रपट महोत्सवाला प्रवेशिका पाठवायची मुदत आज संपत होती आणि भाचीचा लघुपट काही केल्या वेळेच्या मर्यादेत बसत नव्हता. "तुझ्या आत्याचा सीन उडव," संकलक जांभई देत म्हणाला, "नाहीतरी पाठ केल्यासारखं बोलतात त्या." शूटिंगला घर आत्याचं, खुर्ची आत्याची, सगळ्यांच्या जेवणाचं लोढणंही आत्याच्याच गळ्यात. बदल्यात खुर्चीतून उठून म्हणायचं एकच वाक्य मिळालेलं: "बस गं, किती दमलीस." महिनाभर आत्या तेवढंच घोकत होती. भाचीने मन घट्ट करून सीन काढला, लघुपट पाठवून टाकला. संध्याकाळी आत्या हट्टाने लॅपटॉपसमोर बसली. शेवटची नावं सरकून गेली, तरी नजर हलेना. "आत्या, अगं..." भाची लॅपटॉप मिटायला पुढे झाली. "खुर्ची मात्र छान दिसली हो," आत्या म्हणाली. मग गुडघ्यांवर हात टेकत त्याच खुर्चीतून उठली. "बस गं, किती दमलीस."