सुभद्राची शेवटची वॅगन

सातव्या फेरीलाही वॅगन वळणावर घसरली नाही, तेव्हा सीतारामच्या मनात पाल चुकचुकली.

दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. दोन लांब टेबलं होती. एकावर विकत आणून थेट रुळावर ठेवलेल्या तयार गाड्या. दुसऱ्यावर किटमधले सुटे भाग चिकटवून, रंगवून, घरी बनवलेल्या. या दुसऱ्या टेबलावर एक मालगाडी फिरत होती आणि तिच्या शेवटी ती तपकिरी वॅगन होती. शेजारी कार्ड लावलं होतं, 'कै. सुभद्रा सीताराम परब यांची शेवटची वॅगन. जोडणी : हेरंब गोखले.'

"हेरंबराव, आज सूर्य कुठून उगवला?" कोणीतरी म्हणालं. "तुमची वॅगन आणि रुळावर?"

सगळे हसले. तीस वर्षांत हेरंबने बनवलेली एकही वॅगन ते वळण धड पार करू शकली नव्हती. हेरंबही हसला आणि चहा आणतो म्हणून बाहेर गेला.

सीतारामने बटण दाबून गाडी थांबवली. वॅगन उचलून उलटी केली.

किटच्या वॅगनला खालून दोन स्क्रू असतात. सुभद्रा गेल्यावर तिने रंगवून, नंबर घालून ठेवलेले सुटे भाग जोडायला देताना ते स्क्रू त्याने स्वतः कागदाच्या पुडीत बांधून हेरंबला दिले होते. इथे स्क्रूच नव्हते. खालचा भाग अख्खा, एकाच साच्यातून काढलेला. मधोमध कंपनीचं नाव असतं, तिथे कानशीने घासल्याच्या रेघा होत्या.

त्याने वॅगन सरळ केली. बाजूवर पांढरा नंबर होता. सुभद्रा नंबर घालताना श्वास रोखून धरायची. तिचा सात नेहमी थोडा मागे झुकायचा. हाही सात झुकला होता. तो झुकाव कोणीतरी बसून, बघून, गिरवला होता.

"काका, काकूंबद्दल दोन शब्द बोलता ना?" क्लबची सेक्रेटरी मनाली माइक घेऊन आली.

"आधी ही त्या टेबलावर ठेव."

"तिकडे? तिकडे तयार गाड्या आहेत, काका."

"म्हणूनच."

मनाली वॅगन हातात घेऊन तशीच उभी राहिली. सीतारामने कार्ड काढलं, खिशात घातलं आणि तो बाहेर जिन्यावर आला.

हेरंब दोन कप चहा घेऊन वर येत होता. सीतारामचा चेहरा बघून तो मधल्याच पायरीवर थांबला.

"कळलं तुला," तो म्हणाला.

"तिची कुठेय?"

हेरंबने कप कठड्यावर ठेवले. "गोंद जास्त पडला रे. त्या गोंदाने प्लॅस्टिक विरघळतं, तुला माहितेय. नंबराची बाजूच गेली. दुसरी सोडवायला गेलो तर ती मोडली. मग पुतण्याला सांगून तयार मागवली. तोच रंग, तीच लांबी. नंबर मी घातला, वहिनींसारखा. चार रात्री बसलो होतो त्या नंबरासाठी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने सांगणार? तुझी अवस्था बघत होतो ना मी. आणि ही चालते तरी. माझ्या हातची चालली असती का, तूच सांग."

"मला कुठे चालवायची होती?"

हेरंबने कठड्यावरचा एक कप उगाच थोडा सरकवला.

"कधी झालं हे?"

"गणपतीच्या आधी."

आता दिवाळी तोंडावर आली होती. मधल्या सगळ्या गुरुवारी हेरंब प्रभादेवीहून चालत लालबागला यायचा. सीतारामने केलेली कच्ची-पक्की खिचडी बिनतक्रार खायचा. वॅगन कुठवर आली, असं विचारलं की म्हणायचा, "होतेय रे. वहिनींचं काम आहे, त्याला घाई करून चालणार नाही." त्या एका वाक्यावर सीतारामने दोन महिने काढले होते. घरात सुभद्राची साडी कपाटात गेली, चष्मा कपाटात गेला, औषधं सुनेने टाकून दिली. पण प्रभादेवीला एका टेबलावर तिचं काम अजून चालू आहे, असं त्याला वाटायचं.

"गेल्या गुरुवारी तर तू म्हणालास, छप्पर बसवायचं राहिलंय."

"म्हणालो."

"त्याच्या मागच्या गुरुवारी चाकं."

"बस कर ना, सीताराम."

वर हॉलमध्ये कोणीतरी गाडी पुन्हा सुरू केली. बारीक घरघर जिन्यापर्यंत ऐकू आली.

"आणि ते तुकडे?" सीतारामने विचारलं.

"कुठले?"

"तिने रंगवलेले. मोडके, विरघळलेले, जे काय होते ते."

हेरंबने चष्मा काढून शर्टाला पुसला. "टाकले."

"कुठे?"

"कुठे म्हणजे, सोसायटीच्या कचऱ्यात. आता तिथे काय मिळणार तुला?"

"ओल्या की सुक्या?"

हेरंब त्याच्याकडे बघत राहिला. प्रश्न खरोखरच विचारलाय, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

"सुक्या," तो म्हणाला.

सीतारामने मान हलवली. मग हेरंबच्या बाजूने, त्याला धक्का लागणार नाही अशा बेताने, तो एक एक पायरी खाली उतरू लागला.