कागदांची अदलाबदल

निमोण्याच्या शिबिरात हाडं तपासली, तर सहासष्ट वर्षांच्या सिंधूबाईंची ठणठणीत आणि चौतिशीतल्या थोरल्या सुनेची पार पोकळ निघाली.

"मॅडम, कागदांची अदलाबदल झाली न्हाई ना?" सिंधूबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई सुनेकडे वळल्या. "पाळी येते?"

"सहा वर्सं झाली पिशवी काढून. पाळीपायी कामाचा खाडा नको म्हणून आत्याबाईंनीच नेलं. पिशवीसंगं समदंच काढलं."

"अंडाशयंही? मग कागद बरोबर आहेत. हाडं टिकवणारं हार्मोन तिथंच तयार होतं."

सिंधूबाईंनी धाकट्या सुनेसोबत दवाखान्यात गेलेल्या लेकाला फोन लावला. "दत्ता, करिश्माला पिशवीच्या ऑपरेशनला आत नेलं का रं?"

"आत्ताच नेलं, आई. समदं काढा म्हणून सही बी केली, तू सांगितलंस तशी."

"दार बडव, दत्ता! दार बडव!"