स्वस्त पेट्रोल

रोहण्याची अंकिता दर सोमवारी स्कूटी घेऊन थेट पुलगावला जायची. जवळचा पंप सोडून इतक्या लांब का, तर तिथे पेट्रोल काही पैशांनी स्वस्त मिळायचं. घरातल्या बायकांनी विनाकारण गाडी काढलेली चालत नसे, पेट्रोल भरणं मात्र कामात मोडायचं.

एकदा जेवताना सासऱ्यांनी, नत्थूजींनी, हिशोब मांडला. "जाऊन येऊन लिटरभर जळते. त्यात हे इथेनॉलवालं पेट्रोल, ॲव्हरेज बी देत नाई. मंग वाचते काय? आता गाडी मीच भरून आणत जाईन."

अंकितानं त्यांच्या ताटात भाकर वाढली. "वाचत काहीच नाई मामाजी. मले पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. पण फिराले जातो म्हटलं असतं, तर तुमी चाबी देल्ली असती काय? उद्या मी फिरालेच जातो."

सकाळी तिनं गाडी सुरू केली, तोच सासूबाई, जयवंताबाई, ठेवणीतली साडी नेसून मागे येऊन बसल्या.

"तू कुठं चालली?" नत्थूजींनी ओट्यावरून विचारलं.

जयवंताबाईंनी पदर नीट खोचला आणि म्हणाल्या, "फिराले."