कमी पडलेलं पीठ

घानातल्या कुमासीच्या बाजारात निबिमा या औषधी वेलीची कडू मुळं विकणाऱ्या पोकुवा मावशींची पोतंभर पूड औषध-संशोधक डॉक्टर न्यार्कोंनी परत पाठवली. त्यात निम्मं कसावा कंदाचं पीठ निघालं होतं. बाजारभर ‘भेसळवाली’ म्हणून नाव झालं, तशा मावशी तरातरा प्रयोगशाळेतच येऊन बसल्या.

डॉक्टरांना वाटलं, बरं झालं, आपलं काम किती नाजूक असतं ते बाईला एकदा कळू दे. त्यांनी बशीतली चिमूटभर पांढरी भुकटी मावशींपुढे सरकवली. “कॅन्सरचं औषध करतोय, मावशी. मुळाचा अर्क नुसता दिला तर वाटेतच वाया जातो. म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या पॉलिमरच्या कणांत भरून तो थेट गाठीपर्यंत पोचवायचा.”

“यात अर्क किती?”

“शंभरात पाच भाग.”

“आणि बाकीचं ते पॉलिमर कशाचं असतं?”

डॉक्टर जरा घुटमळले. “कसावाच्या पिठाचंच. पण फार बारीक केलेलं.”

मावशींनी एकदा भुकटीकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे.

“मग पीठ कमी पडलं, असं सांगायचंस की रे. आणखी घातलं असतं.”