दुपारची मशेरी

आदल्या दिवशीच्या कागदावर मशेरीच्या सात नोंदी होत्या. सकाळी एक, रात्री एक, बाकी पाच दुपारी दोन ते सहामध्ये. आईच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसल्यावर डॉक्टरांनी मशेरी सोडायला सांगितली होती. कधी लावतेस आणि त्याआधी काय करत होतीस ते लिही, असं मीच तिला बजावलं होतं.

दुपारच्या पाच नोंदींपुढे तिनं लिहिलं होतं: काही नाही. काही नाही. कपड्यांच्या घड्या. काही नाही. तुझं दार बंद.

मी घरूनच काम करते. दार बंद म्हणजे मीटिंग, असं तिला वाटायचं. मीटिंग तीनलाच संपायची. मग मी कंटाळून मोबाइल बघत पडायचे.

आज तीनला दार उघडलं. आईनं हातातली डबी पदराआड सरकवली.

“आज लवकर सुटलीस?”

“रोजच तीनला सुटते.”

मला तिच्याकडे बघवेना.

“सागरगोटे आहेत अजून?” मी विचारलं.

तिनं कपाटातून काढले. माझ्या हातून चौथ्यांदा गोटा निसटला तेव्हा म्हणाली, “बीएस्सी झालीस, पण हात लाकडाचेच राहिले!”

सहापर्यंत तेरा डाव झाले, डबी एकदाही उघडली नाही. आईनं अकरा जिंकले, मी दोन.