अशी फाइल नाही

"अशी फाइल नाही," कंपायलरने पाचव्यांदा सांगितलं.

"बघा, एजे. मी नाही, तुमचाच कॉम्प्युटर म्हणतोय," तुरातबेक अनारकुलला म्हणाला; वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे एजे, म्हणजे ताई, म्हणतात. राजधानीतून आलेला साहेब, पाय पसरून बसला होता. वर सरोवरात बसवलेल्या मापकाकडून पाण्याची पातळी रेडिओवर पकडून ती खाली गावात कळवणारं नवं यंत्र आज परत न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. "इथे ते चालत नाही. दुसऱ्या खोऱ्यातले लोक वाट बघतायत."

कॉम्प्युटरसमोर बसलेल्या अनारकुलने मान वर केली नाही. साझ-तोर गावाच्या डोक्यावर ते सरोवर, फुटलं तर गाव वाहून नेणारं, आणि जुनं यंत्र वसंतातच मेलेलं. तेव्हापासून पाणी चढतंय का ते बघायला गावातलं कुणी ना कुणी पाळीपाळीने वर बसायचं. आज पाळी तिच्या नवऱ्याची, सुयुनची होती. गुडघे गेलेला माणूस काठी टेकत वर गेला होता.

नव्या यंत्राचा प्रोग्राम याच लिनक्स मशीनवर बांधायचा होता. त्याला लागणारी तयार कोडची लायब्ररी जागेवर होती. पण त्या लायब्ररीत कोणकोणती कामं तयार मिळतात ते सांगणारी हेडर फाइल सापडत नव्हती, आणि ती वाचल्याशिवाय प्रोग्राम बांधणारा कंपायलर पाऊल उचलत नव्हता. इंटरनेटवरून ती उतरवून घ्यावी, तर ते रस्त्यावर दरड कोसळली तेव्हाच गेलं होतं.

"हा कंपायलर शोधतो तरी कुठे?" तिने विचारलं.

"ठरलेल्या दोन-तीन जागा असतात. तिथे नाही म्हणजे नाही."

"म्हणजे नेहमीच्या फडताळात नाही. घरात नाही असं कुठे म्हणतोय तो?"

"एजे, उगाच फाटे फोडू नका. उशीर होतोय."

तिने अख्खी डिस्क धुंडाळायची आज्ञा दिली. डिस्क म्हातारी, कुरकुरत निघाली. तेवढ्यात ड्रायव्हर आत आला आणि यंत्राची पेटी उचलून जीपकडे घेऊन गेला. तरी अनारकुल जागची हलली नाही.

पडद्यावर एकच ओळ उमटली. तिने ती दोनदा वाचली आणि पडदा तुरातबेककडे फिरवला.

"हे फोल्डर कुणाचं रे?"

फोल्डरवर त्याचंच नाव होतं. राजधानीतल्या त्यांच्या कचेरीची ही खोडच आहे. जो येतो तो आपलं सामान आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये दडवतो, दुसऱ्याने हात लावू नये म्हणून. तीन वर्षांपूर्वी हे मशीन बसवायला तुरातबेकच आला होता. लायब्ररी त्याने सगळ्यांसाठी ठेवली, हेडर मात्र स्वतःपाशी ठेवली आणि विसरून गेला.

त्याचे कान लाल झाले. "तेव्हा घाई होती, एजे."

"असू दे. आहे ना घरात, बास." तिने आज्ञेत एक आडवी रेघ, कॅपिटल आय आणि पुढे त्या फोल्डरचा पत्ता टाकला. इथेही बघ म्हणावं.

पडद्यावर काहीच आलं नाही.

"अडकलं," तुरातबेक म्हणाला.

"अडकलं नाही. तक्रार संपली त्याची, प्रोग्राम बांधून झाला. यंत्र आण."

ड्रायव्हरला हाक न मारता तो स्वतः उठला आणि जीपमधून पेटी घेऊन आला. अनारकुलने वायर जोडली, प्रोग्राम सुरू केला. दोन मीटर एकतीस, असा आकडा आला. तिने वॉकीटॉकी उचलला.

"सुयुन, पट्टीवर पाणी किती दिसतंय?"

"दोन एकतीस. का गं?"

"खाली या," ती म्हणाली. "सावकाश या. आता वर कुणी बसायचं नाही."

मग तिने डोळे पुसले आणि चहा ओतायला घेतला. आमच्याकडे पाहुण्याची वाटी अर्धीच भरतात, म्हणजे तो पुन्हा मागतो, अजून बसतो; काठोकाठ भरली तर पिऊन निघा असा अर्थ. अनारकुलने तुरातबेकची वाटी काठोकाठ भरली.