पाटीवरचं तीनशे

"ताई, पाटी राहू द्या हवी तर. पण तिचं ऐकू नका. मॉडेल हवं असेल तेव्हा मशीनलाच विचारा," सदाशिवकाका म्हणाले होते.

जयंतीने ते हसण्यावारी नेलं होतं. "काका, बारशाला ठेवलेलं नाव कुणी दरवर्षी बदलतं का?"

बदललं होतं. सिमेंट कंपनीच्या त्या जयपूर कार्यालयात गेल्या हिवाळ्यात दिल्लीच्या लोकांनी जुन्याच कपाटात नवा कॉम्प्युटर बसवला. कपाटावरची जुन्या मॉडेलची पाटी ते काढायला निघाले, तेव्हा जयंतीच आडवी आली. खंडेनवमीला तिने स्वतःच्या हाताने त्या पाटीवर हळदकुंकू वाहिलं होतं. पूजलेली वस्तू पेचकस लावून उपटायची? मॅनेजरसाहेबांनाही ते पटलं. पाटी राहिली. तिच्यावरचा आकडा राहिला, तीनशे.

आणि आता फोनवर दिल्लीचा इंजिनिअर ओरडत होता, "मॅडम, पहले गलत बोर्ड मँगवा लिया आप लोगों ने. अब मशीन से मॉडल पूछकर बताइए. दस मिनट में फिर फोन करता हूँ." ट्रंककॉल तुटला.

मशीनला कसं विचारायचं, हे जयंतीला येत नव्हतं. ते काम काकांचं. आणि काका नव्हते.

तीन आठवड्यांपूर्वी, चार तारखेला, निम्मे टर्मिनल बंद पडले. दिल्लीहून मशीनच्या आत बसवायचा सर्किट बोर्ड मागवला. तो आला तीनशेचा, बसेचना. नऊ तारखेला साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "दिल्ली को मॉडल किसने बताया?"

 काका चहाला गेले असताना फोन जयंतीनेच घेतला होता आणि पाटी वाचून तीनशे सांगितलं होतं. नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते. पदरात आठ महिन्यांचं बाळ. तिने तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मैंने, साहब."

हवाई दलातून निवृत्त होऊन करारावर लागलेला माणूस. उद्यापासून येऊ नका, म्हटलं की संपलं. साहेबांनी तेच म्हटलं.

तेव्हापासून जयंतीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मनाची समजूत घालायची, काकांचं वय झालं, आपणच सांगितलं असं त्यांना खरंच वाटलं असेल. वर भीती, उद्या त्यांना आठवलं तर? बाळाला ती रोज झोटवाड्याला, काकांच्या घरी अनुसयाकाकूंपाशी ठेवायची. तिने ते बंद केलं. काकूंना तोंड कसं दाखवणार?

घड्याळ पुढे सरकत होतं. कॉम्प्युटरला दिलेला हर एक हुकूम आणि त्याचं उत्तर एका लांबलचक घडीच्या कागदावर छापलं जायचं. काकांनी कधी मॉडेल विचारलं असेल, तर त्यात सापडेल. ती खाली बसली आणि घड्या उलटू लागली.  काकांचे हुकूम लगेच ओळखू येत. आधी तारीख-वेळ छापून घ्यायची, मगच पुढचं. हवाई दलातली सवय.

सापडलं. यूनेम, एक आडवी रेघ, एम. हाच तो मॉडेल विचारायचा हुकूम. खाली उत्तर: ३२०.

ती उठणार, तेवढ्यात वरची तारीख दिसली. चार. वेळ दहा वाजून पाच मिनिटं.

त्या दिवशी दिल्लीचा फोन आला होता साडेदहाला. म्हणजे काकांनी त्याआधीच मशीनला विचारून ठेवलं होतं. तीनशे हा आकडा त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

पुढच्या घड्या तिने उलटल्या. नऊ तारीख. दहा बावन्न. तोच हुकूम, तेच उत्तर. अकराला साहेबांनी बोलावलं होतं. त्या सकाळी काकांनी सहज विचारलं होतं, "ताई, दिल्लीला आकडा कुठला सांगितलात?"

"आठवत नाही बाई," ती म्हणाली होती, आणि उगाच टेबलावरचे कागद सारखे केले होते.

काकांना सगळं ठाऊक होतं. केबिनचं दार ढकलायच्या आधीपासून.

फोन वाजला. साहेबही आवाज ऐकून दारात येऊन उभे राहिले.

"तीन सौ बीस," जयंती म्हणाली. "मशीन से पूछा है."

"तो पिछली बार तीन सौ किस भले आदमी ने बोला था?"

तिने साहेबांकडे पाहिलं. "मैंने. सदाशिवजी ने नहीं, मैंने."

साहेब आत आले. मग म्हणाले, "आपका बाद में देखेंगे. पहले उन्हें बुलाकर लाइए."

रिक्षा झोटवाड्याच्या गर्दीत दोनदा अडकली. दोन्ही वेळा जयंतीला वाटलं, उतरावं आणि पळत सुटावं. पोचली तर दाराला कुलूप. घरमालकीण वरून डोकावली. "वो तो इतवार को ही मकान खाली कर गए, बेटी. बहुत खुश थे. बोले, बेटे ने बुलाया है, अब उसी के पास रहेंगे."

जयंती पायरीवर बसली. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं.

तुमच्या आळीत, तुमच्या गावात, नुकतंच असं एखादं म्हातारं मराठी जोडपं राहायला आलं असेल, तर जयंतीसाठी एकदा त्यांच्याकडे जाऊन या. आमचं छान चाललंय, म्हणतील. लगेच उठू नका.